विश्लेषण : ताटात निर्धोक, पाण्यात घातक… क्रोमियमची दोन रूपे आणि ते शोधणारे वोकलँ

घरातले स्टीलचे ताट, दुचाकीचा चकाकता नळकांडा, अंगठीतला पाचू आणि रसायन कारखान्याच्या कचऱ्यातून झिरपणारे पिवळे पाणी, या चारही ठिकाणी एकच मूलद्रव्य आहे : क्रोमियम. त्याच ताटात आपण रोज जेवतो आणि त्याच मूलद्रव्याचे एक रूप कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत अग्रभागी आहे. हे कोडे समजून घ्यायचे तर सव्वादोनशे वर्षे मागे, पॅरिसमधील एका प्रयोगशाळेत जावे लागते. तिथे लुई निकोला वोकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1797 मध्ये क्रोमियम शोधले. त्यांचा प्रवास आणि त्यांच्या शोधाचे पुढे काय झाले, याचा हा आढावा.

वोकलँ कोण होते?

वोकलँ यांचा जन्म 16 मे 1763 रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात, सेंट-आंद्रे-देबर्तो या खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताची. वडील एका जमीनदाराच्या मालमत्तेवर कामाला होते आणि लहानपणी लुई यांनाही शेतात राबावे लागे. गावच्या शाळेत हुशार म्हणून त्यांचे नाव होते, पण पुढे शिकायला पैसा नव्हता. चौदाव्या वर्षाच्या सुमारास ते रुआँ शहरात एका औषधविक्रेत्याकडे कामाला लागले.

त्या काळात औषधविक्रेते स्वतःच औषधे तयार करीत. त्यामुळे दुकानाला जोडून छोटी प्रयोगशाळा असे आणि तिथे शिकाऊ मुलांसाठी धडेही होत. वोकलँ यांचे काम भांडी घासण्याचे आणि भट्टी पेटती ठेवण्याचे. ते करता करता ते कानावर पडेल ते वहीत उतरवून घेत. मालकाच्या हे लक्षात आले तेव्हा त्याने ती वही फाडून टाकली, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. पुढे ते पॅरिसला आले. तिथेही सुरुवातीला औषधांच्या दुकानांतच नोकऱ्या केल्या. फावल्या वेळात लॅटिन आणि वनस्पतिशास्त्राचा अभ्यास सुरू होता.

यापैकी एका दुकानाच्या मालकाचे नात्यातले गृहस्थ म्हणजे आंत्वान फुर्क्रवा. ते त्या काळचे नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी 1783 च्या सुमारास या मुलाला आपल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतले आणि वोकलँ यांच्या आयुष्याला वळण मिळाले.

मदतनीस ते शास्त्रज्ञ, हा प्रवास कसा झाला?

फुर्क्रवा उत्तम वक्ते होते. त्यांच्या व्याख्यानांना गर्दी होई. वोकलँ यांचा पिंड अगदी उलट, मितभाषी आणि बुजरा. मात्र प्रयोगाच्या मेजावर त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. सुरुवातीची अनेक वर्षे त्यांनी केलेले काम फुर्क्रवा यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. मग दोघांच्या नावाने आणि अखेर स्वतंत्रपणे वोकलँ यांच्या नावाने निबंध येऊ लागले. आयुष्यभरात त्यांच्या नावावर पावणेचारशेच्या आसपास शोधनिबंध जमा झाले. त्यातले बहुतेक एकाच पद्धतीचे होते : एखादे खनिज, वनस्पती किंवा प्राणिज पदार्थ घ्यायचा आणि त्यात काय काय आहे, किती आहे, हे शोधून काढायचे.

फुर्क्रवा कुटुंबाशी त्यांचे नाते नोकरीपुरते राहिले नाही. आजारपणात फुर्क्रवा यांच्या बहिणींनी त्यांची शुश्रूषा केली होती. वोकलँ यांनी लग्न केले नाही. पुढे चांगले दिवस आल्यावर त्यांनी या बहिणींना आपल्या घरी आणले आणि अखेरपर्यंत सांभाळले.

1791 मध्ये ते विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. तेव्हा फ्रान्स क्रांतीच्या धामधुमीत होता. 1793 मध्ये त्यांना पॅरिस सोडून मलाँ येथील रुग्णालयात औषधनिर्माता म्हणून काम करावे लागले. मे 1794 मध्ये आधुनिक रसायनशास्त्राचे जनक मानले जाणारे लव्हाझिए यांना गिलोटिनवर चढवण्यात आले. वोकलँ त्याच वर्षी पॅरिसला परतले आणि खाण विभागात निरीक्षक व अध्यापक झाले. देशोदेशीच्या खाणींतून येणारे नमुने आता त्यांच्या हाती येऊ लागले.

तांबड्या शिशाचे कोडे काय होते?

रशियात उरल पर्वताच्या भागात, येकातेरिनबुर्गजवळ बेरेझोव्ह येथे सोन्याच्या खाणी आहेत. तिथे 1760 च्या दशकात योहान लेमान या जर्मन खनिजतज्ज्ञाला एक वेगळेच खनिज सापडले. रंग नारिंगी-तांबडा, स्फटिक लांबट आणि वजनाला जड. त्यात शिसे असल्याचे लक्षात आल्यामुळे त्याला सायबेरियाचे तांबडे शिसे असे नाव पडले. आज ते क्रोकोआइट म्हणून ओळखले जाते.

या खनिजाची पूड सुरेख पिवळी होते. त्यामुळे चित्रकारांसाठी रंग म्हणून त्याला मागणी आली. पण खाण दूर आणि खनिज दुर्मीळ, त्यामुळे भाव चढा. त्यात शिशाबरोबर नेमके काय आहे, यावर मात्र एकमत होत नव्हते. 1789 मध्ये खुद्द वोकलँ आणि त्यांचे सहकारी माकार यांनी त्याचे विश्लेषण केले, तेव्हा त्यांना शिसे, लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड आढळले. दुसऱ्या एका रसायनतज्ज्ञाने त्यात मॉलिब्डेनम, निकेल, कोबाल्ट आणि तांबे असल्याचे सांगितले. दोन्ही उत्तरे चुकीची होती.

त्या काळी वर्णपटमापक नव्हते, क्ष-किरण नव्हते, आवर्तसारणीही नव्हती. पदार्थ ओळखायचा तो रंग, चव, वजन आणि तळाशी बसणारा साका यांवरून. त्यामुळे कोणाच्याच यादीत नसलेले मूलद्रव्य समोर आले, तर ते ओळखीच्या एखाद्या नावाखाली खपून जाण्याची शक्यता मोठी होती.

क्रोमियम नेमके कसे सापडले?

आठ वर्षांनी, 1797 मध्ये, वोकलँ यांनी हे खनिज पुन्हा हाती घेतले. त्याची बारीक पूड त्यांनी पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात उकळली. शिसे कार्बोनेटच्या रूपात तळाशी बसले आणि वर पिवळे द्रावण उरले. या पिवळ्या द्रावणात काय आहे, हा खरा प्रश्न होता.

त्यांनी त्याचे भाग करून वेगवेगळ्या क्षारांबरोबर तपासणी केली. पाऱ्याचा क्षार घातला तर तांबडा साका मिळाला. शिशाचा क्षार घातला तर पिवळा. आणि आम्लयुक्त द्रावणात कथिलाचे क्लोराइड घातले, तेव्हा ते चक्क हिरवे झाले. ज्ञात असलेला एकही धातू असे तीन रंग दाखवत नव्हता. हे नवे मूलद्रव्य आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पुढच्या वर्षी त्यांनी धातूही मिळवला. खनिजातले शिसे हायड्रोक्लोरिक आम्लाने काढून टाकले, उरलेले द्रावण आटवून ऑक्साइड तयार केले आणि ते कोळशाबरोबर मुशीत घालून प्रखर भट्टीत तापवले. मूस थंड झाल्यावर आत सुयांसारखे राखाडी, ठिसूळ धातूचे स्फटिक मिळाले. बर्लिनमध्ये मार्टिन क्लाप्रोट यांनीही याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच खनिजात नवा धातू असल्याचे ओळखले होते. मात्र शोधाचे श्रेय वोकलँ यांच्याकडे जाते.

रंग या अर्थाच्या क्रोमा या ग्रीक शब्दावरून क्रोम हे नाव ठेवावे, ही सूचना फुर्क्रवा आणि खनिजतज्ज्ञ रने-ज्युस्त आयुई यांची. हा धातू स्वतः राखाडी, पण त्याची जवळपास सगळी संयुगे रंगीत असल्यामुळे ते नाव चपखल बसले.

कथिलाचे क्लोराइड घातल्यावर द्रावण हिरवे झाले, याचा अर्थ आज सोप्या शब्दांत सांगता येतो. पिवळ्या द्रावणात क्रोमियमचा प्रत्येक अणू सहा इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत होता, म्हणजे क्रोमियम-6. कथिलाने त्याला इलेक्ट्रॉन दिले आणि तो क्रोमियम-3 झाला. रसायनशास्त्रात याला क्षपण म्हणतात. बारावीच्या प्रयोगशाळेत नारिंगी डायक्रोमेटचा कागद सल्फर डायऑक्साइडने हिरवा होतो, ती हीच क्रिया. क्रोमियम केव्हा विष ठरते आणि केव्हा नाही, याचे उत्तरही याच रंगबदलात आहे. पण 1797 मध्ये हे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अणूची रचना समजायला आणखी शंभरहून अधिक वर्षे जायची होती.

पाचू आणि गोड चवीच्या क्षारांचा संबंध काय?

याच काळात आयुई यांनी वोकलँ यांच्याकडे आणखी एक प्रश्न सोपवला. पाचू आणि बेरील या दोन खनिजांचे स्फटिक हुबेहूब सारखे दिसतात, मग त्यांचे घटकही तेच आहेत का? 1798 मध्ये वोकलँ यांनी दोन्हींचे विश्लेषण करून ती मुळात एकच असल्याचे दाखवले. शिवाय दोन्हींमध्ये एका नव्या मूलद्रव्याचे ऑक्साइड असल्याचेही त्यांना आढळले. त्याचे क्षार चवीला गोड लागत, म्हणून त्याला ग्लुसिन असे नाव मिळाले. हेच आजचे बेरिलियम. पाचूचा हिरवा रंग मात्र त्यात अत्यल्प प्रमाणात असलेल्या क्रोमियममुळे येतो, हेही वोकलँ यांनीच दाखवले. माणकाच्या लाल रंगामागेही क्रोमियमच आहे.

नवा पदार्थ चाखून पाहणे ही त्या काळातील रसायनशास्त्राची सर्रास पद्धत होती. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते, हे विसाव्या शतकात, 1930 आणि 1940 च्या दशकांत उघड झाले. वोकलँ यांच्या नावावर दोन मूलद्रव्यांचे शोध आहेत. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे मानवात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, बेरिलियम व त्याची संयुगे आणि क्रोमियम-6 ची संयुगे अशी दोन्ही आहेत. तंबाखूच्या पानांतील तिखट, उडून जाणारे द्रव्यही 1809 मध्ये वोकलँ यांनीच वेगळे काढले होते. त्याचे शुद्ध रूप, म्हणजे निकोटिन, 1828 मध्ये जर्मनीत मिळवण्यात आले.

त्यांचे कार्य अर्थातच यापुरते नाही. शतावरीच्या कुळातील ॲस्परॅगस या भाजीच्या रसातून 1806 मध्ये त्यांनी रोबिके यांच्यासह ॲस्परॅजिन वेगळे केले. शोध लागलेले हे पहिले अमिनो आम्ल मानले जाते.

शोध कारखान्यात कसा पोहोचला?

शिशाचा क्षार घातल्यावर मिळालेला पिवळा साका म्हणजे लेड क्रोमेट. हा रंग म्हणून उपयोगी पडेल, हे वोकलँ यांनीच मांडले. क्रोम यलो या नावाने तो पुढे युरोपभर गेला. पण सायबेरियाच्या खनिजावर उद्योग उभा राहणे शक्य नव्हते. दक्षिण फ्रान्समधील व्हार भागात आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोरच्या परिसरात क्रोमाइट हे काळपट खनिज सापडले, तेव्हा चित्र बदलले.

इथे एक मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. क्रोमाइटमधले क्रोमियम हे क्रोमियम-3 असते. ते खडकात लाखो वर्षे स्वस्थ पडून राहते. निसर्गात क्रोमियम-6 क्वचितच आढळते आणि सायबेरियाचे तांबडे शिसे हा त्या दुर्मीळ अपवादांपैकी एक. क्रोमाइटपासून रंग बनवायचा तर ते अल्कलीबरोबर हवेत भाजावे लागते आणि त्या भट्टीत क्रोमियम-3 चे क्रोमियम-6 होते. म्हणजे निसर्गात नगण्य असलेले रूप कारखान्यांत टनावारी तयार होऊ लागले. कापड रंगवणे, वॉलपेपर, गाड्यांचे रंग, चित्रकारांच्या रंगनळ्या अशा अनेक ठिकाणी ते पोहोचले. व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांचा पिवळाही त्यातलाच. त्याच्या चित्रांतील पिवळा रंग काळपट का पडतो, याचा शोध 2011 मध्ये ग्रेनोब्ल येथील क्ष-किरण केंद्राच्या मदतीने लागला. रंगातील क्रोमियम-6 चे प्रकाशामुळे क्रोमियम-3 होते, असे त्यात दिसले.

विषाची पहिली नोंद केव्हा झाली?

वोकलँ यांच्या हयातीतच. 1824 मध्ये जर्मनीत ट्युबिंगन येथील रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तियान गोटलोब ग्मेलिन यांनी क्रोमियमच्या क्षारांचे प्राण्यांवर होणारे परिणाम तपासले होते. आणि 1827 मध्ये ग्लासगोमधील डॉक्टर विल्यम क्यूमिन यांनी रंगाऱ्यांच्या आणि क्रोमेट हाताळणाऱ्या कामगारांच्या हातांवरील जखमांची नोंद प्रसिद्ध केली. या जखमा गोल, खोल आणि लवकर न भरणाऱ्या असत. कामगारांच्या भाषेत त्यांना क्रोमची भोके म्हटले जाऊ लागले. पुढे अशा कारखान्यांत नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडलेले कामगारही मोठ्या संख्येने आढळू लागले. वेदना फारशी होत नसल्याने अनेकांना ते कळतही नसे.

1890 मध्ये ग्लासगोच्याच डॉक्टर न्यूमन यांनी क्रोमच्या रंगद्रव्याच्या कारखान्यातील कामगाराच्या नाकातील कर्करोगाची नोंद केली. 1930 च्या दशकात जर्मनीने क्रोमेट कामगारांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाला व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता दिली. 1948 मध्ये अमेरिकेतील क्रोमेट कारखान्यांच्या अभ्यासात या कर्करोगाचे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आढळले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्रोमियम-6 ला पहिल्या गटात टाकले ते 1990 मध्ये.

म्हणजे शोधापासून पहिल्या जखमेच्या नोंदीपर्यंत 30 वर्षे, तिथून कर्करोगाच्या पहिल्या नोंदीपर्यंत 63 वर्षे आणि तिथून जागतिक शिक्कामोर्तबापर्यंत आणखी 100 वर्षे. इजा लवकर दिसली होती, पण ती दिसली रंगारी आणि भट्टीवरच्या कामगारांच्या अंगावर. तिचे पुरावे गोळा होऊन नियम बनेपर्यंत कामगारांच्या अनेक पिढ्या त्याच धुळीत काम करून गेल्या. ग्लासगो परिसरातील मोठा क्रोमेट कारखाना 1960 च्या दशकाच्या अखेरीस बंद झाला. तरी त्याने भरावासाठी टाकलेल्या लाखो टन कचऱ्यातून तिथल्या ओढ्यांत आजही क्रोमियम-6 झिरपते.

एकच मूलद्रव्य, मग फरक कशाचा?

क्रोमियम-6 पाण्यात क्रोमेटच्या रूपात असते आणि क्रोमेटचा रेणू आकाराने सल्फेटसारखा असतो. शरीरातील पेशींना सल्फेट लागते, त्यासाठी त्यांच्या आवरणात वाटा असतात. क्रोमेट त्याच वाटांनी आत शिरते. क्रोमियम-3 ला अशी वाट सहजी मिळत नाही, त्यामुळे ते बहुतांशी पेशीबाहेरच राहते.

आत गेल्यावर पेशीतील क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन यांसारखे पदार्थ क्रोमियम-6 ला इलेक्ट्रॉन देतात आणि त्याचे क्रोमियम-3 होते. वोकलँ यांच्या काचपात्रात कथिलाने जे केले, तेच इथे पेशीच्या आत घडते. फरक एवढाच की हे होताना मधल्या टप्प्यांवर अत्यंत क्रियाशील रूपे तयार होतात आणि शेवटी उरलेले क्रोमियम-3 थेट डीएनएला चिकटते. त्यातून जनुकीय बिघाड होतो. हीच क्रिया पेशीबाहेर, जठरातील आम्लरसात झाली, तर शरीर बऱ्याच अंशी वाचते. म्हणून श्वासावाटे जाणारी धूळ आणि वाफ सर्वाधिक धोक्याची मानली जाते. पिण्याच्या पाण्यातून दीर्घकाळ जाणाऱ्या क्रोमियम-6 बद्दलही काळजी वाढली आहे. कॅलिफोर्नियातील हिंकली गावच्या भूजलातील क्रोमियम-6 चा खटला 1996 मध्ये 33 कोटी 30 लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. एरिन ब्रॉकोविच या 2000 सालच्या चित्रपटामुळे तो जगभर माहीत झाला.

सांडपाण्यावरचा उपायही त्याच रंगबदलावर आधारित आहे. पाणी आम्लधर्मी करून त्यात फेरस सल्फेट किंवा बायसल्फाइट घालतात. पिवळे पाणी हिरवट होते. मग चुना घालून आम्लता उतरवली की क्रोमियम-3 साक्याच्या रूपात तळाशी बसते.

वोकलँ यांची अखेरची वर्षे कशी गेली?

वोकलँ यांना मान मिळाला. 1801 मध्ये ते कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले, 1803 मध्ये पॅरिसच्या औषधनिर्माण विद्यालयाचे संचालक आणि पुढच्या वर्षी वनस्पती उद्यानाच्या संग्रहालयात प्राध्यापक. 1809 मध्ये फुर्क्रवा यांचे निधन झाल्यावर वैद्यकीय विद्याशाखेतील त्यांचे अध्यापनपद वोकलँ यांच्याकडे आले. रुआँच्या दुकानात वही फाडली गेलेला मुलगा आता देशभरातील औषधनिर्मात्यांच्या शिक्षणाचा प्रमुख होता.

त्यांच्या प्रयोगशाळेत गरीब घरांतील मुलांना जागा असे. शेतकऱ्याचा मुलगा असलेले लुई-जाक तेनार तिथे हरकाम्या म्हणून आले आणि पुढे हायड्रोजन पेरॉक्साइडचे शोधक म्हणून नावारूपाला आले. चरबी आणि साबणाचे रसायनशास्त्र उलगडणारे शव्रल हेही त्यांचेच शिष्य. आणि तिसरे नाव मॅथ्यू ऑर्फिला यांचे. मिनोर्का बेटावरचा हा तरुण पॅरिसमध्ये शिकत असताना 1808 मध्ये फ्रान्स-स्पेन युद्ध पेटले. स्पेनचा नागरिक म्हणून तो अडचणीत आला, तेव्हा वोकलँ यांनी त्याची हमी घेतली. याच ऑर्फिला यांनी 1814 मध्ये विषांवरील ग्रंथ प्रसिद्ध करायला सुरुवात केली. विषशास्त्र या स्वतंत्र शाखेचा पाया त्यातून घातला गेला. कर्करोगकारक ठरलेली दोन मूलद्रव्ये शोधणाऱ्या माणसाच्याच हाताखाली विषशास्त्राचा जनक तयार झाला, असा हा योग.

1822 मध्ये विद्यार्थ्यांच्या गोंधळाचे निमित्त करून सरकारने पॅरिसची वैद्यकीय विद्याशाखा बंद केली. काही महिन्यांनी ती पुन्हा उघडली, पण नावडत्या प्राध्यापकांना वगळूनच. त्यात वोकलँ होते. त्यांच्या जागी रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले ते ऑर्फिला. आयुष्याच्या अखेरीस वोकलँ आपल्या जन्मभूमीच्या कालव्हादोस विभागातून संसदेवर निवडून गेले. 14 नोव्हेंबर 1829 रोजी जन्मगावीच त्यांचे निधन झाले.

भारतात आणि महाराष्ट्रात आज काय स्थिती?

भारतातील क्रोमाइटचे 90 टक्क्यांहून अधिक साठे ओदिशात, प्रामुख्याने सुकिंदा खोऱ्यात आहेत. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग आणि भंडारा जिल्ह्यांत थोडे साठे आहेत. सुकिंदातील खाणींचे पाणी, उत्तर प्रदेशात कानपूर परिसरातील आणि तमिळनाडूत राणीपेट येथील क्रोमेटचा जुना कचरा हे देशातील सर्वाधिक चर्चेतले प्रश्न आहेत.

चामडे कमावताना वापरले जाणारे क्रोमियम मुख्यतः क्रोमियम-3 असते. पण त्याचा गाळ जाळला किंवा मातीतील मँगनीजच्या ऑक्साइडशी त्याचा दीर्घ संपर्क आला, तर त्याचे क्रोमियम-6 होऊ शकते. पारंपरिक कोल्हापुरी चपलेचे चामडे मात्र झाडाच्या साली आणि हिरड्यासारख्या वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावले जाते. राज्याच्या औद्योगिक पट्ट्यांत लक्ष ठेवावे लागते ते प्लेटिंगच्या छोट्या युनिटवर. क्रोम प्लेटिंगच्या टाकीत क्रोमिक आम्ल, म्हणजे क्रोमियम-6 असते आणि बुडबुड्यांबरोबर त्याचे तुषार कामगाराच्या नाकातोंडात जातात. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगच्या धुरातही ते असते. सिमेंटमध्ये अल्प प्रमाणात असलेले क्रोमियम-6 हे गवंड्यांच्या हातांवरील चिवट इसबाचे एक कारण आहे. युरोपीय संघाने त्यासाठी सिमेंटवर मर्यादा घातली आहे.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे 0.05 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. नदी-नाल्यांत सोडण्याच्या सांडपाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा 2 मिलिग्रॅम, तर क्रोमियम-6 ची 0.1 मिलिग्रॅम आहे. कॅलिफोर्नियाने 2024 पासून पिण्याच्या पाण्यात क्रोमियम-6 साठी स्वतंत्र, 0.01 मिलिग्रॅमची मर्यादा लागू केली. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या मानकात दोन रूपांसाठी वेगळी मर्यादा नाही. त्यामुळे औद्योगिक भागातील विहिरीच्या पाण्याचा अहवाल हाती आला, तर एकूण क्रोमियमच्या आकड्यावर न थांबता क्रोमियम-6 ची वेगळी तपासणी मागणे गरजेचे ठरते. ही तपासणी सोपी आहे. डायफेनिलकार्बाझाइड घातल्यावर क्रोमियम-6 असलेले पाणी जांभळे होते.

मग स्टीलची भांडी सुरक्षित आहेत का?

हो. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि ते धातुरूपात असते. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम-3 च्या ऑक्साइडचा, डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो. तो गंज रोखतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा तयार होतो. चिंच, टोमॅटोसारखे आंबट पदार्थ खूप वेळ शिजवले, विशेषतः नव्या भांड्यात, तर थोडे क्रोमियम अन्नात उतरते. ते क्रोमियम-3 असते आणि प्रमाण अत्यल्प असते. धोका आहे तो भांडे वापरणाऱ्यापेक्षा ते वेल्डिंग करणाऱ्याला, प्लेटिंगच्या टाकीवर उभे राहणाऱ्याला आणि क्रोमेटच्या ढिगाऱ्याशेजारच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्याला.